पहिल्या नंबरचं ‘खारं पानी’

ज्या गाण्यात मुळात बिल्डरच्या टँकरला शिवी होती, ते गाणं बिल्डरच्याच गेटवर बटण दाबून वाजवायला तुमची खरंच काही हरकत नाही?

नसावी. कारण गेल्या गुरुवारपासून आपल्या आळीत एक कागद घरोघर फिरतोय. निर्मळच्या रस्त्याला लागून जो नवा कॉम्प्लेक्स उभा राहतोय, त्याच्या प्रवेशद्वाराला आग्नेलचं नाव द्यायचं, आत गिटार घेतलेला त्याचा अर्धपुतळा बसवायचा, आणि पुतळ्याखालचं बटण दाबलं की ‘खारं पानी’ वाजणार. या सगळ्याला गावाची संमती आहे, असं सांगणारा तो कागद. मी पाहिला तेव्हा सह्यांचं दुसरं पान सुरू झालं होतं. येत्या रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सेनंतर तो आग्नेलच्या आईपुढे ठेवणार आहेत. तिची सही झाली की काम सुरू.

तुमच्याशी मी शेवटी बोलणार आहे. आधी मला त्याच्याशी बोलायचंय.

आग्नेलदादा, तुला जाऊन बारा दिवस झाले. तुझ्या मयताच्या दिवशी दारात टँकर उभा होता. तुमच्या वाडीतलं बावखल, ज्या तळ्यावर तीन पिढ्यांच्या केळी जगल्या, त्याचं पाणी आता तोंडात धरवत नाही. आणि मयताला आलेल्या माणसांना चहापाणी तर लागतंच. म्हणून बिल्डरनं टँकर पाठवला. टँकरच्या पोटावर फ्लेक्स लावला होता. उजवीकडे तू, डावीकडे तो. त्याचा चेहरा तुझ्यापेक्षा मोठा. वर लिहिलं होतं, ‘वसईच्या रॉकस्टारला मानाचा मुजरा’, आणि खाली ‘पाणी सौजन्य’ असं लिहून त्याचं नाव.

ते पाणी मी प्यायले, दादा. रडून घसा कोरडा पडला होता, कुणीतरी ग्लास हातात दिला आणि मी गटागटा प्यायले. मग मान वर केली तेव्हा फ्लेक्स दिसला. मला तिथेच ओकारी यायला हवी होती. आली नाही. पाणी गोड होतं. त्याचीच जास्त किळस आली.

दफनभूमीच्या फाटकात रॉनी उभा होता. पांढरा सदरा, काळा गॉगल. तुमच्या बँडचा गायक, तुझ्याशी आठ वर्षं एक शब्द न बोललेला माणूस, माइक घेऊन सांगत होता, “आग्नेल आणि मी शेवटपर्यंत एकाच सुरात होतो.” मग त्यानं ‘खारं पानी’ म्हटलं. कॅसेट कंपनीनं बदललेलं. संथ करून, डोळे मिटून. ‘ये गं भिजू दोघं, रानी’ ही ओळ त्यानं तुझ्यावर माती पडायच्या दहा मिनिटं आधी म्हटली. बायका रडत होत्या. पोरांनी मोबाइल वर धरले होते. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, “किती छान लिहायचा ना गं?”

“ही ओळ त्यानं लिहिलेली नाही,” मी म्हटलं.

“असू दे गं. आजच्या दिवशी तरी!”

आजच्या दिवशी तरी. म्हणजे माणूस मेला की त्याच्याबद्दल खोटं बोलायची सगळ्यांना मुभा. तो उठून ‘हे माझं नाही’ म्हणणार नाही, याची खात्री पटली की आपलं प्रेम उतू जातं.

मला तुझं मोटर वाइंडिंगचं दुकान आठवतंय. वसईतल्या होळी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, पत्र्याचं. जळक्या वॉर्निशचा वास, भिंतीला टांगलेली तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि मागच्या भागात, उघडून ठेवलेल्या पंपांच्या मधोमध, ड्रम. रविवारी दुपारी तिथं तुमच्या ‘रहाट’ बँडची प्रॅक्टिस चालायची. गिटार आणि गाणी तुझी, गळा रॉनीचा, बेस आणि ड्रम वाजवायला तुझे दोन चुलतभाऊ. आखातातल्या मामानं आणलेल्या जुन्या इंग्रजी रॉकच्या कॅसेटी झिजवून झिजवून तुम्ही शिकलात. मी एकदा विचारलं होतं, “दादा, तो काय म्हणतोय ते तुला कळतं तरी का?”

“अर्धं नाही कळत,” तू म्हणालास. “पण माणूस चिडलाय एवढं कळतं ना? पुरे.”

मी शेजारच्या वाडीतली. आमचे अण्णा हिरवा पट्टा वाचवायच्या चळवळीतले. घरात देवाच्या तसबिरींपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. वर चाप असलेली लाकडी पाटी आणि तिला दोरीनं बांधलेलं पेन घेऊन मी शाळेत असल्यापासून सह्या गोळा करायचे. रस्त्यासाठी, विजेसाठी, झाडांसाठी. तू मला नावानं हाक मारल्याचं मला आठवतच नाही. “काय गं पत्रके, आज कुणाचा निषेध?” दुकानातूनच ओरडायचास. मी चिडायचे. तुला तेच हवं असायचं.

‘खारं पानी’ कसं झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका वाडीतला पंप पाणी नीट ओढत नाही म्हणून तुला बोलावलं होतं, आणि मी पाटी घेऊन तिथंच पोचले होते. तू मोटर उघडलीस, पाहिलीस, परत बंद केलीस. मग बावखलाच्या काठावर उकिडवा बसून पाण्यात बोट बुडवलंस आणि चाटलंस.

“काका, मोटर ठणठणीत आहे. पाणी मेलंय.”

“मेलंय म्हंजे?”

“मचूळ झालंय. खालून खाडीचं यायला लागलंय. रोज किती टँकर भरू देता?”

काकांनी केळीकडे तोंड फिरवलं. “आमी एकटेच देतो काय? पलीकडचा बंद करू दे, मग मी करतो.”

“पलीकडचा पण हेच म्हणाला,” तू हात पुसत म्हणालास. “त्याची मोटर मी काल बघितली.”

त्या रविवारी दुसरं कडवं तयार होतं. पहिल्या कडव्यात सगळा गाव, खाडी, मिठागर. दुसऱ्यात हे:

*बावखलात तोंड घालून टँकर पितो,*
*केळीचा घड माझा उभ्यानं सुकतो.*
*कुनाच्या टाकीत गेलं गोडं पानी?*
*कुनी इकलं, बोल ना, कुनी इकलं पानी?*

रॉनीनं ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बाहेर भाजीचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, “परत म्हन.” रॉनीनं परत म्हटलं. तेव्हा रॉनी मनापासून गायचा, दादा. तेवढं मी त्याचं काढून घेणार नाही.

कॅसेट तुमची तुम्हीच काढलीत. आठ गाणी. सणाच्या दिवशी चर्चच्या बाहेर आणि निर्मळच्या जत्रेत सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, टोपल्यांशेजारी चादर टाकून विकलीत. त्यातली एक कुणीतरी रेडिओवर पोचवली. रविवारी सकाळी दहा गाण्यांचा एक कार्यक्रम लागायचा. श्रोत्यांच्या पोस्टकार्डांवरून गाण्यांचा क्रम ठरायचा, एका कार्डाचं एक मत. तुमचं गाणं एकदा वाजलं आणि मी लगेच आळी कामाला लावली.

पण माझं डोकं पत्रकांचं! मी पोस्टकार्डावर लिहिलं, ‘आम्ही खाली सही करणारे ग्रामस्थ अशी जोरदार मागणी करतो की...’ आणि एकेका कार्डावर मावतील तेवढ्या सह्या घेतल्या. आडव्या, उभ्या, कडेनं, पत्त्याच्या बाजूलासुद्धा. म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले. अख्खी आळी नऊ कार्डांत बसवली आणि छाती फुगवून पेटीत टाकली. पुढच्या रविवारी निवेदिका हसू दाबत म्हणाली, “वसईहून या गाण्याला नऊ मतं आली आहेत. आणि एका आजोबांनी विजेच्या खांबाबद्दलही लिहिलंय.”

तू पोट धरून हसलास. “पत्रके, अख्ख्या गावाची नऊ मतं केलीस गं!”

तेव्हा मीही हसले. पण ती चूक आपलीच होती, दुसऱ्या कुठल्या गावानं केली नसती. आपल्याला एकट्यानं काही मागायची सवयच नव्हती. शेजाऱ्याची सही दिसली की त्याच्याखाली आपली करायची. कागदावर काय आहे ते कागद आणणाऱ्यानं वाचलेलं असतंच. त्या विश्वासावर आपण रस्ते आणले, खांब आणले, झाडं वाचवली. तो विश्वास घेऊन मी दारोदार फिरत होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

पुढच्या आठवड्यापासून घरटी एकेक कार्ड गेलं. मग पालघरहून गेली, ठाण्याहून गेली, पार कोकणातून गेली. ती काही आम्ही लिहिलेली नव्हती. आठवा नंबर, पाचवा, दुसरा. आणि एका रविवारी पहिला. दुकानाच्या खिडकीत रेडिओ ठेवला होता आणि रस्त्यावर सायकली लावून माणसं उभी होती. तुझी आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजारातून परत येत होती. ती विचारायला लागली, “काय झालं? कोन पयला आला?”

“मी, आई.”

“कशात? धावीच्या परीक्षेला तर दोनदा बसलास.”

अख्खा रस्ता हसला. पाच रविवार गाणं हललं नाही. तू मात्र रोज पंप उघडत होतास, आणि लोक पंप दाखवायला कमी, तुला बघायला जास्त यायचे.

मग मुंबईची कॅसेट कंपनी आली. म्हणजे माणूस आला नाही, कागद आला. अकरा पानं, सगळी इंग्रजी. रॉनी घेऊन आला. चुलतभावांनी त्याच पावली सह्या केल्या. तू पहिलं पान वाचलंस, दुसरं वाचलंस, तिसऱ्यावर अडलास.

“मी हे वकिलाला दाखवतो. दोन दिवस द्या.”

“दोन दिवसांत नंबर खाली आला तर?” रॉनी म्हणाला. “ते दुसरा बँड उचलतील, आग्नेल. मग वाजव इथंच, पंपाबरोबर.”

आणि मग मी बोलले. सतरा वर्षांची होते मी. जे बोलले ते शब्द न शब्द आठवतं.

“दादा, सगळ्यांनी केल्यात, तुझीच राहिलीय. तुझ्या एका सहीसाठी गाणं अडलंय. जिथं जिथं पाणी पळवतायत तिथं तिथं हे गाणं जायला हवं, आणि तू वकील शोधत बसणार? ही बेइमानी आहे.”

बेइमानी हा शब्द मी तेव्हा मिठासारखा वापरायचे. मी माझी पाटी पुढे केली, कागद चापात लावला, शेवटचं पान उघडलं आणि दोरीचं पेन तुझ्या हातात दिलं. तू माझ्याकडे बघितलंस.

“तू वाचलंस?”

“हो,” मी म्हटलं.

मी वाचलं नव्हतं, दादा.

हे मी तुला दहा वर्षांत सांगितलं नाही. तुला कळलं असेल. तुला बहुतेक सगळंच कळायचं. पण मी सांगितलं नाही, आणि आता सांगायला तू नाहीस, म्हणून सगळ्या आळीसमोर सांगतेय. मला इंग्रजी बेताचं येत होतं, अकरा पानांचा कंटाळा आला होता, आणि मला घाई होती. जिंकायची घाई. सही तुझी होती, खोटं माझं होतं.

नवव्या पानावर लिहिलं होतं की शब्द आणि चाल यांचे सगळे हक्क कंपनीकडे, आणि कंपनीला हवे तसे बदल करता येतील. तीन महिन्यांनी कंपनीची कॅसेट आली. चकचकीत. कव्हरवर राजोडीचा किनारा, ओल्या साडीतली एक मुलगी, आणि कोपऱ्यात तुम्ही चौघं, नखाएवढे. तुझ्या गिटारचे सुरुवातीचे चार ठोके ठेवले होते. बाकी सगळा कीबोर्ड. दुसरं कडवं नव्हतं. ‘कुनी केलं खारं पानी’ हा धृपदातला सवाल नव्हता. त्या जागी ‘ये गं भिजू दोघं, रानी’. टँकर गेला, केळ गेली, विकणारा गेला. उरला समुद्र आणि साडी.

आणि ते धो धो चाललं! मला आजही पचत नाही ते हे. मूळ गाणं पाच रविवार पहिलं होतं, हे त्याच्या दुपटीनं राहिलं. दुकानांच्या बाहेर खडूनं लिहिलेल्या याद्यांत पहिलं, रिक्षांत पहिलं, गणपतीत पहिलं, लग्नात पहिलं. ज्या काकांच्या बावखलात तू बोट बुडवलं होतंस, ते काका स्वतःच्या मुलाच्या लग्नात याच गाण्यावर रुमाल फिरवत नाचले. तुला ओढून मधे नेलं आणि माइकवर सांगितलं, “आपला आग्नेल! आपला नंबर वन!” तू हसत होतास. ते हसणं मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

पहिला नंबर म्हणजे काय असतं? आपण सगळे मिळून एखादं खोटं ताल धरून म्हणायला लागलो, की तो पहिला नंबर. कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे आणि मी त्या रोज घालते. पण कंपनीनं कुणाच्या पायाला दोरी बांधून नाचवलं नव्हतं. ज्यांनी मूळ कडवं तोंडपाठ केलं होतं, तेच नाचत होते.

दोन वर्षांनी बिल्डरच्या पहिल्या इमारतीच्या उद्घाटनाला रॉनी गायला. भर दुपारी, भोंगे लावून. तू रस्त्यापलीकडे हातात पाना घेऊन उभा होतास, मी धावत आले. टँकर आत जात होते आणि गाणं बाहेर येत होतं.

“बघ,” तू म्हणालास, “टँकर आत, गाणं बाहेर. अदलाबदल.”

मला तुझ्या विनोदाचा एवढा राग आला की मी घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘गद्दार रॉनी आणि लुटारू कंपनी’. संध्याकाळी तुझ्याकडे पहिल्या सहीसाठी आणलं. तू ते वाचलंस. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत.

“यात आपण कुठे आहोत?”

“आपण म्हणजे?”

“आपण न वाचता सही केली ते. टँकर आपल्याच वाड्यांतून भरतात ते. ते लिही, मग मी पहिली सही करतो.”

“दादा, पत्रकात असं लिहीत नाहीत. समोरच्याच्या हातात आयतं कोलीत जातं.”

“मग हीपण कंपनीचीच कॅसेट झाली,” तू म्हणालास. “नको असलेलं कडवं तूही कापलंस.”

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. “रॉनी निदान विकला तरी गेला. तुला तर कुणी विकतही घेणार नाही.” तू पंपाकडे वळलास आणि तारेचे वेढे मोजायला लागलास. मी दोन वर्षं तुझ्या दुकानाची पायरी चढले नाही. रॉनीची मला किळस येते, बिल्डरची येते, त्या फ्लेक्सची येते. पण त्या संध्याकाळच्या माझ्या तोंडाची जी येते, ती या सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

आणि तू? आमचा पंप जळाला तेव्हा न बोलावता आलास. अण्णा अंथरुणाला खिळलेले, मी तुझ्याशी न बोलणारी. तू मोटर सोडवून सायकलवर बांधलीस, दुसऱ्या दिवशी परत आणून बसवलीस, आणि जाताना आमच्या विहिरीच्या पाण्यात बोट बुडवून चाटलंस. “अजून गोडं आहे. जप,” एवढंच म्हणालास. नंतर मी पुन्हा दुकानात यायला लागले. भांडण तिथंच पडून राहिलं, खोललेल्या मोटरसारखं. आपण दोघंही त्याला वळसा घालून चालायचो. पण तुझ्यामुळे मी कागद वाचायला शिकले. आता बँकेचा फॉर्मसुद्धा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि खिडकीमागचा माणूस वैतागतो. हे देणं तुझं आहे आणि त्याबद्दल मी तुला कधी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. दुपारची वेळ होती, तुझी आई डबा धुवायला गेली होती. तुझा आवाज बसला होता.

“लिहिलंस का ते?”

“काय?”

“पत्रक. आपण असलेलं.”

“लिहिते,” मी म्हटलं.

“म्हणजे नाही,” तू म्हणालास आणि डोळे मिटून हसलास.

नव्हतंच लिहिलं. आता लिहितेय. तुझी सही घ्यायला उशीर झाला.

काल तुझ्या आईकडे गेले होते. ती ओट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तू गेल्यावरही तिचा हात थांबलेला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “पोरी, ते कागदवाले दोनदा येऊन गेले. म्हनाले, मावशी, सगल्यांनी केली, तुजीच ऱ्हायली. आयतवारी परत येतील. तुला वाचता येतं. करू का मी सही?”

सगल्यांनी केली, तुजीच ऱ्हायली. माझंच वाक्य, दादा. दहा वर्षांपूर्वी ते मी तुला ऐकवलं होतं, काल ते तुझ्या आईच्या तोंडून मला परत मिळालं.

त्या कागदाची एक प्रत तिच्याकडे ठेवून गेले होते. मी तिला सगळी वाचून दाखवली. मराठीतच आहे, दीड पान. पहिल्या परिच्छेदात तुझी स्तुती. दुसऱ्यात पुतळा, गेट आणि बटणाचं गाणं, कंपनीवालं. तिसरा परिच्छेद पान उलटल्यावर येतो, जिथं सह्या करणाऱ्याचा हात पोचेपर्यंत डोळे थकलेले असतात. त्यात लिहिलंय: ‘सदर स्मारकाच्या बागेच्या देखभालीसाठी लगतच्या सार्वजनिक बावखलातून आवश्यकतेनुसार पाणी घेण्यास कुटुंबीयांची व ग्रामस्थांची कायमस्वरूपी हरकत राहणार नाही.’

आपल्या आळीचं ते शेवटचं गोड बावखल. आवश्यकतेनुसार. कायमस्वरूपी. तुझ्या नावानं.

तुझ्या आईनं जुडीला गाठ मारली. मग म्हणाली, “मग येवड्या लोकांनी कशी केली सही? त्यांना पन वाचता येतं ना?”

न वाचता सही करायची सवय त्यांना लावणाऱ्यांत मीही होते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “मग तूच सांग त्यांना.” आणि पुढची जुडी उचलली.

म्हणून आता तुमच्याशी बोलते, वाचकहो. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुम्हाला आग्नेल आवडायचा. कागद आणणारा ओळखीचा होता, वर शेजाऱ्याची सही होती, खाली जागा होती. पण रविवारी एक म्हातारी बाई तो कागद समोर घेऊन बसणार आहे आणि वरून खाली तुमची नावं वाचून घेणार आहे. मुलाच्या नावानं शेवटचं बावखल द्यायचं की नाही, हे ती एकटी ठरवणार नाही. ते तुमची नावं ठरवतील. सगळा गाव एकीकडे असताना ती नाही म्हणणार नाही. तसं करणारी ती नव्हे. तिचा मुलगाही नव्हता.

आळीत फिरून झालेला मूळ कागद आता रविवार सकाळपर्यंत आळीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात आहे. तिथं जा. तो हातात घ्या आणि सगळा वाचा, तिसऱ्या परिच्छेदासकट. वाचूनही सही ठेवावीशी वाटली तर ठेवा, मग ती खरंच तुमची असेल. नसेल ठेवायची तर स्वतःच्या हातानं नावावर रेघ मारा आणि शेजारी लिहा, ‘वाचून मागे घेतली’. दुकानदार म्हणेल असं करता येत नाही. करता येतं.

मी यासाठी नवा कागद काढणार नाही, आणि पाटी घेऊन तुमच्या दारातही येणार नाही. रेघ मारलीत की तिथून तसेच आग्नेलच्या घरी जा. घोळका करू नका, आळीनं मिळून एक माणूस पाठवू नका. एकेकटे जा, तिच्या ओट्यावर बसा, आणि तुमचं नाव त्या कागदावर नाही हे तिला तुमच्या तोंडानं सांगा. रविवारच्या आधी.